केळीचे बंद खोलीतले बाळपण

खाण्याच्या केळीला बी नसते. फळ मधोमध कापले की गरात बारीक तपकिरी ठिपके दिसतात, पण ती बियांची नुसती खूण. पेरून त्यातून काही उगवत नाही. म्हणून केळीचे प्रत्येक नवे झाड हा आधीच्या झाडाच्या अंगाचा तुकडा असतो. खानदेशात हा तुकडा पिढ्यान्‌पिढ्या कुदळीने खणून काढला जात असे. गेल्या तीसेक वर्षांत तो बाटलीतून येऊ लागला. आधी काचेआड, मग प्लास्टिकच्या छपराखाली, मग हिरव्या जाळीच्या सावलीत वाढून तो शेतात पोचतो. या बदलाने केळीच्या पिकाचा काळ दीड वर्षावरून वर्षभरावर आला आणि त्याबरोबर बागेचे गणितही बदलले.

खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली दोन भाग झाले: पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव आणि पश्चिम खानदेश म्हणजे धुळे. केळीचा मुख्य पट्टा पूर्वेकडचा. सातपुड्याचा पायथा आणि तापी यांच्यामधल्या चोपडा, यावल आणि रावेर या तालुक्यांत तो पसरला आहे. पश्चिमेला अनेर नदी ओलांडली की शिरपूर तालुक्यात तोच पट्टा धुळे जिल्ह्यात शिरतो. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी पायथ्याशी दगडगोट्यांचा जाड थर टाकला आहे. भूगर्भाच्या भाषेत त्याला बझाडा म्हणतात. त्यात पाणी मुरते आणि खालच्या काळ्या जमिनीतल्या विहिरींना ते मिळते. मोटेवर जेवढी केळी पोसता येई तेवढीच पूर्वी लावली जाई. ऑइल इंजिने आली, त्यामागून विजेचे पंप आले, आणि बाग फैलावली. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरची सावदा, निंभोरा, रावेर ही स्थानके केळीची ठाणी झाली. कच्ची, हिरवी केळी वाघिणींत भरून उत्तरेकडे जाऊ लागली. विहिरींच्या जोरावर उभ्या राहिलेल्या या पट्ट्यातले यावल आणि रावेर हे तालुके पुढे भूजलाच्या अतिउपशाच्या यादीत गेले, हेही याच इतिहासात येते.

या पट्ट्याची जुनी जात बसराई. तिची झाडे बुटकी. उन्हाळ्यात इथे जे तप्त वारे सुटतात, त्यांत उंच केळ घडाच्या ओझ्याने मोडते आणि बुटकी तग धरते. बागेभोवती शेवरीची दाट ओळ लावायची पद्धतही याच वाऱ्यासाठी. लागवडीचे दोन हंगाम ठरलेले होते. मृग नक्षत्राच्या सुमारास, जून-जुलैत लावली ती मृगबाग. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावली ती कांदेबाग. अंतर दोन्हीकडे साधारण दीड मीटर, म्हणजे हेक्टरी ४,४४४ खोडे. केळीच्या बागेचा आकार खानदेशात एकरांपेक्षा खोडांवर सांगतात. कोणाची किती केळी, तर ‘पाच हजार खोड’.

लावायचे ते कंद. केळीचे खरे खोड जमिनीत असते. वर दिसते ते पानांच्या देठांचे एकमेकांभोवती गुंडाळलेले भेंडोळे. जमिनीतल्या या कंदाला बाजूने पिले फुटतात, त्यांनाच मुनवे म्हणतात. मुनव्यांत दोन जाती असतात. एकाची पाने तलवारीच्या पात्यासारखी अरुंद आणि बुंधा जाड. दुसऱ्याची पाने लहानपणीच रुंद आणि बुंधा किडकिडीत. जाणकार शेतकरी पहिलाच निवडी, कारण तो आईच्या कंदाला घट्ट जोडलेला असतो आणि त्याचा स्वतःचा कंदही भरलेला असतो. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत उभट, नारळाच्या आकाराचा, अर्धा ते पाऊण किलो वजनाचा, तीन-चार महिने वयाचा कंद बसतो. निरोगी बागेतून असे कंद खणायचे, मुळ्या छाटायच्या, वरचा बुंधा वितीभर ठेवून कापायचा, सावलीत काही दिवस ठेवायचे, औषधाच्या पाण्यात बुडवायचे आणि मग खड्ड्यात लावायचे. बैलगाडीत कंदांची रास घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे हे लागवडीच्या दिवसांतले नेहमीचे दृश्य होते. चांगल्या बागेच्या कंदांना मागणी असे, आणि ज्याची बाग त्याच्या शब्दावर व्यवहार होई.

या पद्धतीचा दोष कंदातच होता. दहा जणांच्या बागांतून आणलेले पाच हजार कंद एका वयाचे नसत, एका वजनाचे नसत. काही पंधरवड्यात फुटत, काही महिना घेत, काही सडत. त्यांच्या जागी नांगे भरावे लागत. पुढे निसवण, म्हणजे झाडातून घड बाहेर पडणे, तितकेच मागेपुढे होई. एका बागेची कापणी दोन-तीन महिने रेंगाळे. पहिल्या घडापर्यंत सोळा ते अठरा महिने जात, तेवढा काळ विहिरीचे पाणी त्याच शेताला बांधलेले राही. कंदाबरोबर आणखी बरेच काही फुकट येई: कंद पोखरणारी सोंडकीड, मुळांतले सूत्रकृमी आणि डोळ्यांना न दिसणारे विषाणू. बाग रोगी आहे हे कळेपर्यंत तिचे कंद चार गावांत गेलेले असत.

केळीला बंद जागेत वाढवण्याची कल्पना खानदेशातल्या या बदलाहून जुनी आहे, आणि योगायोग असा की ती बसराईच्याच कुळावर पहिल्यांदा गाजली. बसराई ही कॅव्हेंडिश गटातली केळ. गटाला हे नाव इंग्लंडमधल्या विल्यम कॅव्हेंडिश या ड्यूकच्या घराण्यावरून मिळाले. त्याच्या चॅट्सवर्थ इथल्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या बागकाम-प्रमुखाने मॉरिशसहून आलेले केळीचे रोप वाढवले. इंग्लंडच्या थंडीत, शेगडीच्या उबेवर आणि काचेच्या छपराखाली, १८३५च्या नोव्हेंबरात ते फुलले. पुढच्या वर्षी त्याच्या फळांना लंडनच्या बागायत संस्थेचे पदक मिळाले. या केळीची रोपे मग मिशनऱ्यांनी बंद काचपेट्यांतून पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर नेली. याच पॅक्स्टनने १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारला. काचघर बांधण्याची कला त्याने झाडांसाठी शिकली होती. पॅक्स्टनचे काचघर फक्त हवा बदलत होते. एका झाडाची शेकडो झाडे करणे त्याच्या आवाक्यात नव्हते.

ते शास्त्र विसाव्या शतकाचे. वनस्पतीच्या एका पेशीतून पूर्ण झाड होऊ शकेल, हा अंदाज ऑस्ट्रियाच्या गॉटलीब हाबरलांटने १९०२ साली मांडला. प्रयोग मात्र त्याला साधला नाही. पेशींना बाटलीत नेमके काय खायला घालायचे याचा ठोकताळा १९६२ साली टोशियो मुराशिगे आणि फोल्के स्कूग यांनी तंबाखूवर काम करताना बसवला. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘एमएस’ म्हटले जाणारे ते मिश्रण आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरात आहे. केळीची अशी रोपे शेतकऱ्यांपर्यंत मोठ्या संख्येने पोचवण्यात तैवान आणि इस्रायल हे देश पुढे होते.

महाराष्ट्रात या शास्त्राचे घर पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. तिथे साग, निलगिरी आणि बांबू यांवर काम चालले. बांबूचा एक प्रयोग जगभर गाजला. काटस बांबू रानात तीस-चाळीस वर्षांनी एकदाच फुलतो, बी टाकतो आणि मरतो. बी हवे तर माणसाच्या आयुष्याचा अर्धा भाग थांबायचे. रजनी नाडगौडा, व्ही. ए. पराशरामी आणि ए. एफ. मस्करेनहस यांनी बियांतून उगवलेल्या बांबूची कोवळी फूट बाटलीत घेतली, माध्यमात नारळाचे पाणी आणि सायटोकायनिन हे वाढद्रव्य घातले, आणि काही महिन्यांत ती बोटभर फूट बाटलीतच फुलली. तिला बीही धरले. १९९०च्या ‘नेचर’मध्ये हा निष्कर्ष आला. झाडाचे घड्याळ बंद खोलीत किती पुढे ढकलता येते, याचे याहून टोकाचे उदाहरण सापडणे कठीण. बांबूच्या शेतीत मात्र त्याने लगेच फरक पडला नाही. बाटलीने शेती बदलली ती केळीची, आणि ते घडले जळगावात.

तिथला मुख्य माणूस भवरलाल जैन. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचा त्यांचा जन्म, १९३७चा. १९६३ साली रॉकेलच्या विक्रीपासून त्यांनी धंदा सुरू केला. १९७८ साली जळगावातला केळीची पावडर करणारा आजारी कारखाना घेतला आणि त्यात केळीऐवजी पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या कंपनीने ठिबक सिंचन खानदेशातल्या शेतकऱ्यांपुढे आणले. नव्वदच्या दशकात तिने इस्रायलहून ‘ग्रँड नैन’ ही केळीची जात आणून जळगावच्या प्रयोगशाळेत तिची रोपे वाढवायला घेतली. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ मोठा बुटका: बसराईच्याच गटातली, पण तिच्याहून थोडी उंच आणि घड जास्त भरणारी. शेतकऱ्यांनी हे नाव ‘जी-नाईन’ करून टाकले. रोपांना ‘टिश्यू’ म्हणतात, आणि ‘यंदा टिश्यू लावली’ एवढ्यावर सगळे कळते.

टिश्यूचे रोप तयार होते ते असे. जास्त वजनाचा घड देणारे, विषाणूची तपासणी झालेले झाड निवडून त्याचे तलवारी पानांचे मुनवे घेतात. एकेक आवरण सोलत गेले की आत कांद्याच्या गाभ्यासारखा पांढरा शेंडा उरतो, दोन-तीन सेंटिमीटरचा. तो निर्जंतुक करून साखर, क्षार, अगर आणि वाढद्रव्ये घातलेल्या माध्यमावर बाटलीत ठेवतात. केळीच्या कापल्या जागी चीक काळा पडतो, कपड्यावर केळीचा डाग पडतो तसाच. बाटलीतही तो माध्यम काळवंडवतो आणि पहिल्या दिवसांत बरेच शेंडे त्यानेच मरतात. जगतात त्यांना तळाशी नवे कोंब फुटतात. दर तीन-चार आठवड्यांनी हा झुपका बाहेर काढून वेगळा करायचा आणि प्रत्येक कोंब नव्या बाटलीत घालायचा. हे काम गाळलेल्या हवेच्या झोतासमोर, टोपी-मास्क लावून बसलेल्या बाया करतात. डाव्या हातात चिमटा, उजव्यात पाते, समोर तापवलेली हत्यारे. बाटलीचे झाकण उघडे राहते ते मोजके क्षण. एखाद्या बाटलीत पांढरी बुरशी दिसली की ती न उघडताच वाफेच्या भट्टीत जाते. बाटल्यांच्या खोलीत तापमान २५ अंशांच्या आसपास आणि उजेड दिवसाचे सोळा तास असतो. बाहेर जळगावात मे महिन्यात पारा ४५ला टेकलेला असतो.

एका शेंड्यापासून कितीही रोपे काढता येतील असे वाटते, पण तिथे हात आखडता घ्यावा लागतो. आठाहून जास्त वेळा विभागणी करू नये आणि एका शेंड्यापासून हजाराच्या वर रोपे घेऊ नयेत, असा दंडक आहे. त्यापुढे पेशींत चुका साचतात आणि खुज्या, चिरक्या पानांच्या, घड न धरणाऱ्या केळी निघू लागतात. शेतकऱ्याला ही फसगत लावल्यावर कित्येक महिन्यांनी कळते. म्हणूनच केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धत सुरू केली.

मुळे फुटलेले रोप बाटलीतून काढले तर तासाभरात मान टाकते. त्याने वाऱ्याची झुळूक पाहिलेली नसते. पानांवर मेणाचा थर जेमतेम, आणि पानावरची छिद्रे मिटायची सवयच लागलेली नसते. त्यामुळे रोपाला बाहेरच्या जगाची ओळख टप्प्याटप्प्याने करून द्यावी लागते. आधी हरितगृहात, कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये, धुक्यासारख्या फवाऱ्याखाली महिना-दीड महिना. मग शेडनेटमध्ये, काळ्या पिशवीत, पुन्हा तेवढाच काळ. रोप वीतभराहून जरा उंच झाले आणि पाच-सहा पाने आली की ते टेम्पोत चढते. या दुसऱ्या टप्प्याच्या रोपवाटिका रावेर-यावलपासून शिरपूरपर्यंत खेड्यापाड्यांत उभ्या राहिल्या. कंदाच्या व्यापाराची जागा त्यांनी घेतली.

टिश्यूची केळी लावल्यापासून अकरा-बारा महिन्यांत कापणीला येते. कंदाची दीड वर्ष घेई. या पाच-सहा महिन्यांच्या बचतीचे श्रेय जाहिरातींत सरसकट बाटलीला दिले जाते. ते पुरते खरे नाही. शेंड्यापासून शेतात जाण्याजोग्या रोपापर्यंत प्रयोगशाळेत आणि रोपवाटिकेत मिळून साधारण वर्ष जाते. त्यातले विभागणीचे महिने सोडले, तरी मुळे फुटल्यापासूनचे तीनेक महिने केळीच्या वाढीचेच असतात. केळीचे बाळपण शेतातून उठून दुसऱ्याच्या छपराखाली गेले, एवढाच त्याचा अर्थ. त्या काळात शेतकऱ्याचे शेत मोकळे राहिले, विहिरीचे पाणी दुसऱ्या पिकाला गेले. रोपाची किंमत त्याने या मोकळ्या महिन्यांसाठीही मोजली. उरलेली बचत जातीची आणि ठिबकची.

ठिबक आणि टिश्यू एकत्र आले याला कारण होते. कंदाजवळ स्वतःची शिदोरी असते. पाटाचे पाणी आठवड्याने मिळाले तरी तो पहिले दोन महिने आपल्या साठ्यावर काढतो. पिशवीतल्या रोपाजवळ असा साठा नसतो. त्याच्या मुळ्या मूठभर कोकोपीटच्या बाहेर गेलेल्या नसतात. त्याला रोज थोडे पाणी आणि आठवड्याला थोडे खत मुळांशी लागते. पाटपाण्यावर लावली असती, तर पहिली रोपे अनेकांची म्हणूनच सुकली असती. गादीवाफा, त्यावर ठिबकची नळी, नळीतूनच विरघळणारी खते, ही व्यवस्था रोपाबरोबर आली आणि जुने आळे गेले. बसराईचा घड पंधरा-अठरा किलो भरे. चांगल्या निगराणीतला जी-नाईनचा घड पंचवीस किलोंच्या पुढे जातो. पहिला घड कापल्यावर त्याच कंदाचे एक पिल राखून पुढचे पीक घ्यायचे, ती पिलबाग. पहिले पीक वेळेत निघत असल्याने पिलबाग परवडू लागली आणि एका लागवडीवर अडीच वर्षांत तीन पिके घेण्याचे गणित बसवले गेले. बाजारभावांच्या रकान्यातही हे उतरले: नवती, पिलबाग, कांदेबाग आणि नाकारलेल्या मालाची ‘वापसी’. सगळी बाग जवळपास एकदम निसवत असल्याने व्यापाऱ्याला ट्रक एका फेरीत भरता येऊ लागला. ‘जळगाव केळी’ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, अर्ज तांदलवाडीच्या शेतकरी गटाचा होता.

सगळी झाडे एका वयाची आणि एका रक्ताची झाल्याचा दुसरा परिणामही झाला. काकडीवरील मोझॅक विषाणूला, सीएमव्हीला, खानदेशात हरण्या रोग म्हणतात. पानांवर हिरवट-पिवळे पट्टे पडतात, पाने आखडतात, पोंगा म्हणजे मधले न उलगडलेले पान सडते. विषाणू माव्यातून पसरतो. काकडीवर्गीय वेली, टोमॅटो, मिरची आणि बांधावरचे कित्येक तण हे त्याचे मुक्काम. कंदाच्या बागेतही तो होता. पण बंद खोलीतून नुकतेच बाहेर आलेले, लुसलुशीत पानांचे रोप त्याला जास्त लवकर बळी पडते. २०२०च्या पावसाळ्यात ढगाळ हवा आणि संततधार लागून राहिली, आणि रावेर-यावल भागात दोन-तीन महिन्यांच्या बागा पिवळ्या पडल्या. शेतकऱ्यांनी हजारो रोपे उपटून बांधावर टाकली. दोष रोपवाटिकेतून आलेल्या रोपांचा की शेजारच्या शेतातल्या माव्याचा, यावर त्या काळात गावोगाव वाद झाले. झाड उपटून नष्ट करणे आणि माव्याला आवर घालणे याखेरीज त्यावर उपाय नाही. बागेत काकडी, भोपळा ही आंतरपिके नकोत, हा सल्ला तेव्हापासून जास्त कानावर येऊ लागला.

केळीचे पाहून दुसऱ्या पिकांनीही बाळपण छपराखाली नेले. शहादा-तळोदा हा भाग १ जुलै १९९८ला नंदुरबार जिल्हा होईपर्यंत धुळ्यात होता. तिथले मुख्य फळपीक पपई. पपई बियांपासूनच होते. तिच्या काळ्या बियांवरचे बुळबुळीत आवरण राखेत चोळून धुवून घरचे बी लावायची जुनी रीत होती. नर कोणते आणि मादी कोणती हे फूल येईपर्यंत कळत नसे, म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून नर झाडे पुढे उपटावी लागत. ‘तैवान ७८६’ या संकरित वाणात नर निघत नाहीत, पण बी महाग. इतके महाग बी कोणी उघड्या वाफ्यात टाकत नाही. ते ट्रेमध्ये, शेडनेटखाली, दाणा दाणा मोजून लावले जाते.

शेतात आल्यावरही रोपाचे छप्पर लगेच सुटत नाही. कांदेबागेच्या रोपांना डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीचा चरका बसतो, तर उन्हाळ्यातल्या लागवडीला ऊन सोसत नाही. त्यासाठी प्रत्येक रोपाभोवती चार काड्या रोवून पांढऱ्या न विणलेल्या कापडाची टोपी चढवतात. ‘क्रॉप कव्हर’ घातलेली अशी बाग दुरून पाहिली तर शेतात पिशव्या उभ्या केल्यासारखी दिसते. मावा आत शिरत नाही, हा त्याचा दुसरा फायदा.

कंद संपलेला नाही. चोपडा आणि जळगाव तालुक्यांत कांदेबागेसाठी कंद लावणारे शेतकरी आहेत. रोपापेक्षा तो स्वस्त पडतो आणि थंडीत टिकतो. फक्त आता खणला जातो तो कंद बहुधा बसराईचा नसतो. टिश्यूची जी-नाईन लावून, तिचे पहिले पीक घेऊन, त्याच बागेतले तलवारी पानांचे मुनवे निवडले जातात, छाटले जातात, सावलीत ठेवले जातात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून शेजारच्या गावी जातात.